लादीच्या पोटातलं पांढरं

काळेवाडी,
२१ एप्रिल २०२५

ती. साहेबराव मामांस,

नमस्कार लिहिते आहे तो सवयीने. मनात नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्याच बर्फाच्या कारखान्यातल्या टेम्पोवाल्या ज्योतीरामभाऊंच्या हाती देते आहे. कागद ब्लॉक करता येत नाही.

दिघीच्या साखरपुड्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आईने जेवण केलं होतं. संध्याकाळपर्यंत निम्मा मांडव उलट्या-जुलाबांनी आडवा. नवरीची भाची इरा, पहिलीतली पोर, अजून सलाईनवर आहे. अन्न तपासणीची माणसं आली, आईच्या स्वयंपाकघराला सील लावून गेली. ८ मेला सुनावणी आहे. त्या दिवशी कारण सापडलं नाही, तर आईचा परवाना गेला. परवान्याचं एक वेळ बाजूला ठेवा. काळेवाडीत कस्तुराबाईंच्या हातचं म्हणून लोक तारखा धरून ठेवायचे, तिथे आता पोरंटोरं आमच्या दारावरून जाताना पोट धरून नाटक करतात.

सगळे म्हणतात मठ्ठ्याचं दही बाधलं. मी घरोघरी जाऊन विचारलं. मठ्ठा न पिता नुसतं कोकम सरबत प्यायलेलेही आजारी आहेत. आणि बर्फ यायच्या आधी पहिल्या पातेल्यातला मठ्ठा प्यायलेले वाढपी सगळे ठणठणीत. दोन्हींत पडलेली एकच गोष्ट होती, मामा. तुमच्याकडून आलेला गोणीतला फोडलेला बर्फ. गोण्या मी स्वतः उतरवून घेतल्या होत्या.

आणि माझी आई तपासणीच्या साहेबांसमोर काय म्हणाली? "बर्फ रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडून घेतला. तोंड आठवत नाही." मी शेजारी उभी होते. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

ती तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही स्वतः घ्याल का, एवढंच विचारायला हे पत्र.

रुपाली


भोसरी,
२३ एप्रिल

चि. रुपालीस आशीर्वाद.

फोन उचलत नाही कारण फोनवर तू ओरडतेस आणि इथे कॉम्प्रेसर ओरडतो. दोघांचं एकदम ऐकायचं माझं वय राहिलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की दुपारपर्यंत चार ग्रुपवर फिरतं. कागदच बरा.

पोरीचं ऐकून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गळ्यात दोष अडकवून घेणार नाही. मी घटना कळली त्याच दिवशी आपल्या बर्फाच्या लादीचा तुकडा खाजगी लॅबमध्ये दिला. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. वाच. शिकलेली आहेस. पाणी शुद्ध, बर्फ शुद्ध. आपल्या लादीमागे पेपर धरला तर बातमी वाचता येते, असा काचेसारखा माल भोसरीत दुसऱ्या कुणाचा निघत नाही.

आता मोठ्या माणसाने बोलायची गोष्ट बोलतो. आक्काचा हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. ती थकली आहे. एप्रिलच्या उन्हात दही मांडवात तासन्‌तास ठेवलं की काय होतं ते तिलाही ठाऊक आहे. चूक कुणाच्याही हातून होते. ती गाडीवाल्याचं नाव सांगते आहे, तर तिला सांगू दे. आक्का बाजारात वाढलेली बाई आहे, तुझ्यापेक्षा जास्त समजतं तिला.

तू कॉलेजात पोरांना केमिस्ट्री शिकवतेस ते शिकव. घराला केमिस्ट्री लावू नकोस.

साहेबराव


काळेवाडी,
२४ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी आईला दाखवलेलं नाही. "हात पूर्वीसारखा राहिलेला नाही" हे वाक्य तिने तुमच्या अक्षरात वाचावं असं मला वाटत नाही. तुम्हाला मात्र ते लिहिताना काही वाटलं नाही.

रिपोर्ट वाचला. तुकडा कुठला दिलात? लादीच्या कडेचा. लादी फोडली की हाताला आधी कडच येते. आता ऐका, घरालाच केमिस्ट्री लावते.

पाणी गोठतं तेव्हा त्याचा एकेक रेणू चार शेजाऱ्यांचे हात धरतो. सहा-सहाच्या कड्या जुळतात, कडीला कडी लागत जाते, मधे पोकळी राहते. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून ग्लासात तरंगतो. पण इतकी पोकळी असूनही त्या मांडणीत दुसऱ्या कुणाला जागा नाही. मीठ, चुना, गाळ, जंतू, विरघळलेली हवा, सगळ्यांना गोठत येणारी भिंत पुढे ढकलते. तुमच्या डब्यात ही भिंत चारही बाजूंनी आत सरकते. मग ढकललेलं सगळं कुठे जाणार? मधे. शेवटी गोठतं ते मधलं पाणी, आणि लादीभराची घाण त्यात असते. म्हणजे तुमची कड काचेसारखी आहे ती तुम्ही पाणी शुद्ध केलंत म्हणून नाही. कडेची घाण पोटात गेली म्हणून.

आणि हे मला पुस्तकाने पहिल्यांदा शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत. मी शाळेत असताना लादीच्या पोटातलं पांढरं पीस दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "हे पाण्याचं पाप." लादी जमत आली की मधलं उरलेलं पाणी पंपाने ओढून टाकायचं आणि तिथे ताजं भरायचं, ही तुमच्या कारखान्याची रीत. मी पाहिलेली आहे.

आता दुसरा प्रश्न. तुमचा दिग्विजय इन्स्टाग्रामवर रीळ टाकतो. करवतीने लादीच्या चार बाजू कापतो, त्यांचे चकचकीत चौकोनी ठोकळे करतो आणि खाली लिहितो, वाकड-हिंजवडीच्या हॉटेलांसाठी खास. छान दिसतात. मी ती रीळ पुन्हा पुन्हा पाहिली. चारही बाजू गेल्यावर मधे एक पांढरा दांडा उरतो. शेवटी तो चित्रातून बाहेर जातो.

तो दांडा कुठे जातो, मामा?

रुपाली


भोसरी,
२८ एप्रिल

रुपाली,

तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून मी लाद्या काढतोय. मला बर्फ शिकवतेस?

पांढरं दिसतं ती हवा असते. हवा! पापबिप मी लहान पोरीला सांगितलेली गंमत होती. पुढे तूच बारावीत असताना घरी येऊन मला ऐकवलं होतंस की मामा, ते पाप नाही, हवेचे बुडबुडे आहेत. तेव्हा हवा होती, आता विष झालं?

दिग्विजयच्या धंद्याकडे बोट दाखवायचं नाही. पोरगा इंजिनिअर होऊन नोकरी नाही म्हणून घरात बसला नाही, बापाच्या कारखान्यात उतरला, नवीन गिऱ्हाईक आणलं. त्याचं लग्न जमतंय. सोयरे तळेगावचे, मोठे लोक. अशा वेळी घरच्या भाचीने गावभर बोंब मारायची का?

सोबत ज्योतीरामबरोबर एक अख्खी लादी पाठवली आहे. कालच्या भरणीतली. तुकडा नाही, अख्खी. घे. तुझ्या कॉलेजात ने, लॅबमध्ये दे, जीभ लावून बघ. कारखाना माझा आहे, मला माझ्या मालाची लाज नाही.

लादी उतरवून घेताना भुसा झटकून घे, नाहीतर त्यातही जंतू सापडतील तुला.

साहेबराव


काळेवाडी,
२ मे

मामा,

लादी मिळाली. ज्योतीरामभाऊंनी ओट्यावर उतरवली. गल्लीतली पोरं जमली, त्यांना वाटलं आमच्याकडे लग्न आहे.

भुसा झटकला. धुतली. मग भाऊंना म्हटलं, टोच्याने मधोमध फोडा. ते "ताई, असं का," म्हणाले, आणि फोडली. पोटात पीस नव्हतं, मामा. बोटभर जाडीचा, पिवळट, भुसभुशीत दांडा होता. मी विचारलं, "पंप चालू नाही का हो?" त्यांनी टोच्या फडक्याला पुसला, परत पुसला. म्हणाले, "ताई, मला नोकरी करायचीय." मला उत्तर मिळालं.

कडेचा एक तुकडा आणि पोटातला एक, वेगवेगळ्या उकळलेल्या बाटल्यांत घालून त्याच दिवशी लॅबमध्ये दिले. तुमच्याच लॅबमध्ये, म्हणजे नंतर लॅब फितूर होती असं म्हणायला नको. आज रिपोर्ट आला. कडेच्या तुकड्यात काही नाही. तुमचा रिपोर्ट खरा होता. पोटातल्या तुकड्यात क्षार कित्येक पट, आणि मैलापाण्यात असतात ते जंतू. मधलं पाणी कुठलं भरता? उन्हाळ्यात महापालिकेचं एक दिवसाआड येतं, म्हणजे टँकरचं. टँकर कुठे भरतो ते कधी बघून आलात?

हवेबद्दल तुम्ही बरोबर आहात. पांढरेपणा बराचसा हवेचा. मी बारावीत अर्धंच शिकले होते आणि अर्ध्यावर थांबले. हवा तिथे ज्या कारणाने जाते त्याच कारणाने बाकीचंही तिथेच जातं. तुम्ही माझं अर्धं वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलंत, कारण ते सोयीचं होतं.

तुकड्यांचं उरलेलं पाणी मी आईच्या दोन स्टीलच्या वाट्यांत घालून गच्चीवर उन्हात ठेवलं. कडेची वाटी सुकली ती घासल्यासारखी. पोटातल्या वाटीत पांढरं कडं बसलंय आणि तळाला खरखरीत गाळ. आई दिवसातून दहा वेळा विचारते, "ती वाटी घासू का? घरात उष्टी वाटी बरी दिसत न्हाई." मी तिला हात लावू देत नाही. कसली वाटी आहे ते तिला सांगितलेलं नाही. पण ती काही वेडी नाही.

आता खरं सांगते. हा रिपोर्ट तुम्ही आत्ता पाठवलेल्या लादीचा आहे. साखरपुड्याच्या दिवशीचा बर्फ वितळून गेला. त्या गोण्यांत दांडे फोडून भरले होते, हे सांगू शकतील अशी माणसं दोनच आहेत. एक तुम्ही, दुसरा दिग्विजय. हॉटेलांना काच गेली आणि तुमच्या सख्ख्या बहिणीच्या मठ्ठ्यात काचेच्या पोटातली घाण आली. घरचं काम म्हणून दिलेला बर्फ! घरच्या माणसाला उरलेलं चालतं, असंच ना?

८ तारखेला या. बोला. नाहीतर मी हे सगळं घेऊन जाते, आई कितीही हात दाबो.

रुपाली


भोसरी,
६ मे

चि. रुपाली,

दोन दिवस झोप नाही. तुझ्या मामीने तुझं पत्र वाचलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तू जिंकलीस असं समज.

पंप फेब्रुवारीत जळाला. सीझन सुरू होत होता. पंप नसला तर लादी लवकर निघते, हेही तेव्हा लक्षात आलं. दिग्विजयची हॉटेलं पांढरा दांडा घेत नव्हती, म्हणून तो फोडून गोणीत जायला लागला. लग्नकार्याला, रसवंतीला. कुणी तक्रार केली नाही. आक्काला तोच गेला. मी मुद्दाम दिला नाही. पण थांबवलाही नाही.

तुला हवं ते मी देतो, पण घर मोडून नाही. वकिलाशी बोललो. ८ तारखेला मी येतो. माझ्या कारखान्यातून बर्फ गेला हे कबूल करतो. आक्का सुटेल, स्वयंपाकघर उघडेल. मात्र जबाब असा असेल: पंप बंद पडल्याचं ज्योतीरामने मालकाला कळवलं नाही, आणि टाकून द्यायचे दांडे परस्पर फोडून गोण्यांत भरले. रात्रपाळी त्याचीच असते, टेम्पो त्याचाच असतो. पटण्यासारखं आहे.

त्याचं काही फार जात नाही. तो उदगीरकडे गावी जाईल, प्रकरण थंड झालं की मी त्याला परत घेईन. पोरांची फी मी भरेन. दिग्विजयचं नाव यात आलं तर सोयरीक मोडते, आणि ती पुन्हा जुळत नाही. तुला पोरंबाळं झाली की समजेल.

ज्योतीरामला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी सांगतो आणि सही घेतो. तू मध्ये पडू नकोस. तुला आई सोडवायची होती, आई सुटली. आता गप्प बस.

साहेबराव


काळेवाडी,
६ मे, संध्याकाळ

साहेबराव,

रुपाली सीईटीच्या तासाला गेलीय. पत्र माझ्या हातात आलं. तिच्या नावाचं व्हतं तरी म्या फोडलं. तुजं अक्षर बगून ऱ्हावलं न्हाई.

ज्योतीराम पत्र घेऊन आला तवा घामाघूम झाला व्हता. म्या म्हटलं बस, च्या घे. तो बाहेर पायरीवर बसून च्या पीत व्हता आणि मी आत उभी ऱ्हाऊन त्याच्यावरचा आळ वाचत व्हते. त्यानंच आणून दिल्याला. कप ठेवताना म्हणाला, "आक्का, मालक लई काळजीत हायत, तुमी त्यांना फोन करा." तुजी काळजी करत व्हता तो. मला त्याच्या तोंडाकडं बगवंना.

मग पोरीच्या पुस्तकांत ठेवलेली बाकीची बी पत्रं काडून वाचली. माज्या दह्याला नाव ठेवलंस ते बी वाचलं. ते दही म्या मांडवात ठेवलंच न्हवतं. ओल्या गोणपाटाखाली, सावलीत व्हतं, आणि वाटायच्या आदी मी सोता चाखलं. कंपनीच्या कँटीनला दोन-दोनशे माणसांचं ताक केलं मी, याच हातानं. त्या ताकावर तू मोठा झालास. ते असू दे.

म्या सायबांसमोर खोटं बोलले. गाडीवाला सांगितला. गाडीवाला कोणच न्हवता, म्हणून कुणाचं काय गेलं न्हाई, गेलं ते माजं गेलं. माजं होतं ते म्या दिलं. तू आता जो माणूस सांगतोस त्याला नाव हाय, बायको हाय, दोन लेकरं हायत. तो च्याचा कप सोता विसळून ठेवून गेला.

तू म्हणतोस परत घेईन. कुणाला परत घेणार? लेकराला इख घालणारा म्हणून गावात ज्याचं नाव झालं, त्याला? मला इचार, दोन हप्ते मी तेच नाव घेऊन भाजी आणायला जाते.

दिग्विजय मला लेकासारखा. त्याच्या लग्नात जेवण मीच करनार असं म्या म्हणत व्हते. तुजं लेकरू तू झाकतोस, मला राग न्हाई. म्या बी तुला झाकलंच. पण झाकायला दुसऱ्याचं लेकरू वडून आणायचं न्हाई. तिथं मी तुजी बहीण न्हाई.

ज्योतीरामला जाताना सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं. तो टेम्पोत जाऊन बसला आणि गाडी घेऊन गेला. उद्या सकाळी तू कागद पुढं करशील तवा त्याला ठावं असंल. सही करायची का न्हाई ते त्याचं तो बगंल.

परवा मी जाणार हाय. रुपाली सांगल तिचं ते रेणूबिणू, मला त्यातलं कळत न्हाई. मी माजं सांगीन. बर्फ माज्या भावाकडचा व्हता, पयल्यांदा मी खोटं बोलले, आणि पोतं उतरवून देणाऱ्याला पोत्यात काय घातलंय ते इचारायची सोय नसते. तुला यायचं तर ये, आणि आलास तर खरं बोल. न्हाई आलास तर तुजी खुर्ची मोकळी बगून मी बोलीन. येवढाच फरक.

ती गच्चीवरची वाटी खाली आणलीय. इतकी वर्सं झाली, माज्या घरात एक भांडं उष्टं न्हाई ऱ्हायलं कदी, तुला ठावं हाय. कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलीय, परवा न्यायच्या.

घासली न्हाई.

कस्तुरा